आपल्या वाट्याचा धूर

देशातील वीजनिर्मितीच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, तेल वा वायू यांवर अवलंबून राहिलेली नाही, अशी घोषणा केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये केली. २०३० सालासाठी ठरवलेले हे उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठले गेले. ही कामगिरी निश्चितच लहान नाही. मात्र स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या बातमीच्या मथळ्यात सहसा येत नाही. सूर्य मावळला की सौर प्रकल्पाची क्षमता कागदावर तशीच राहते, वीज मात्र थांबते. वारा पडला की पवनचक्क्यांचेही तेच. परिणामी देशात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे सत्तर टक्के वीज अजूनही कोळसा जाळूनच मिळते, आणि रात्रीच्या विजेत तर कोळशाचा वाटा त्याहूनही मोठा असतो.

नेमक्या याच वेळी, म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा या काळात, मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर या शहरांतील शयनगृहांमधली वातानुकूलन यंत्रे चालू असतात. जागतिक तापमानवाढीची चर्चा आपल्याकडे बहुधा हिमनग, ध्रुवीय अस्वले आणि आंतरराष्ट्रीय परिषदा यांच्याभोवती फिरते. ती स्वतःच्या घरातील वीजबिलापर्यंत आणणे तितकेसे सुखावह नसते. तरीही ते करायला हवे, कारण या प्रश्नात भारतीय शहरी मध्यमवर्गाने स्वतःसाठी एक सोयीचा आडोसा शोधून ठेवला आहे. त्या आडोशाचे नाव आहे ‘सरासरी’.

गरिबांच्या मागे लपलेले

भारतातील दरडोई कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आहे. जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर, तर अमेरिकेची चौदा टनांच्या आसपास. औद्योगिक क्रांतीपासून आजवर वातावरणात साठलेल्या कर्बवायूचा हिशेब मांडला, तर आपला वाटा आणखीच किरकोळ ठरतो. आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर भारताने हा मुद्दा सातत्याने मांडला आणि तो न्याय्यच आहे. ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षे धूर सोडला, त्यांनी अधिक भार उचलावा, यात वावगे काही नाही.

परंतु राष्ट्राने राष्ट्रापुढे मांडायचा युक्तिवाद नागरिकाने स्वतःपुढे मांडला, की त्याची पळवाट होते. दोन टनांची ही सरासरी कशी तयार होते? गडचिरोलीतील चुलीवर स्वयंपाक करणारे घर, मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी, मुंबईतील पदपथावर झोपणारा मजूर आणि वर्षातून दोनदा विमानाने सुट्टीवर जाणारा सदनिकाधारक या साऱ्यांची बेरीज करून आणि एकशे चाळीस कोटींनी भागून. ‘ग्रीनपीस इंडिया’ने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाने याच दुखण्यावर बोट ठेवले होते. देशातील सर्वाधिक उत्पन्न असलेला ग्राहकवर्ग सर्वांत गरीब वर्गाच्या साडेचार पट कार्बन डायऑक्साइड सोडतो, असे त्यात म्हटले होते आणि अहवालाचे शीर्षकच ‘गरिबांच्या मागे लपणे’ या अर्थाचे होते. तेव्हा शहरी घरांत वातानुकूलन यंत्र ही चैन समजली जात असे. त्यानंतरच्या काळात ती गरजेच्या यादीत केव्हा जाऊन बसली, ते कुणाच्या ध्यानातही आले नाही.

एकच आकडा घेऊ. देशातील घरगुती विजेचा दरडोई वापर वर्षाला सुमारे अडीचशे युनिट आहे. महिन्याला सरासरी तीनशे युनिट वापरणाऱ्या चौघांच्या शहरी कुटुंबात तो माणशी नऊशे युनिट होतो. म्हणजे साडेतीन पटींहून अधिक. आणि हे कुटुंब काही श्रीमंत नव्हे. वृत्तपत्र वाचणाऱ्या कोणत्याही सोसायटीत अशी घरे सापडतील.

विज्ञान जुने, अनुभव नवा

तापमानवाढीचे मूळ विज्ञान आजचे नाही. कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी उन्हात ठेवल्यास ती साध्या हवेपेक्षा अधिक तापते, हे अमेरिकेतील युनिस फूट या महिलेने १८५६ मध्येच प्रयोगाने दाखवले. पाठोपाठ १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी हे वायू उष्णता कशी शोषतात त्याचे मोजमाप केले, आणि १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी हवेतील कर्बवायू दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल, याचे गणित हाताने सोडवले. सूर्यप्रकाश हवेतून आरपार येतो, जमीन तापते, तापलेली जमीन उष्णता परत फेकते आणि त्यातली काही उष्णता हे वायू अडवून धरतात. एवढीच ही प्रक्रिया. ती मुळीच नसती, तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअस राहिले असते. दुलई हवीच आहे. आपण ती दरवर्षी थोडी थोडी जाड करत आहोत, ही अडचण आहे. (ओझोनच्या थराला पडलेले भोक आणि तापमानवाढ यांची आपल्याकडे शाळेपासून गल्लत होते. ते दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्यावर १९८७ च्या माँट्रियल कराराने बऱ्यापैकी इलाज केला. दुसऱ्यावर तसा इलाज अजून सापडलेला नाही.)

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली, तेव्हा ते प्रमाण ३१५ च्या आसपास होते. मे २०२५ मध्ये तेथील मासिक सरासरीने ४३० चा टप्पा ओलांडला. जागतिक हवामान संघटनेच्या मते २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले आणि त्या वर्षीचे तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या पातळीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी अधिक होते. २०१५ च्या पॅरिस करारात जी दीड अंशांची मर्यादा पाळण्याचा प्रयत्न करू असे जगाने ठरवले होते, ती निदान एका वर्षापुरती तरी मागे पडली. दरम्यान, अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये या करारातून पुन्हा बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला.

एक गोष्ट येथे लक्षात घ्यायला हवी. हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड धुळीसारखा चार दिवसांत खाली बसत नाही. त्याचा मोठा भाग शतकानुशतके तेथेच राहतो. म्हणून उत्सर्जन ‘थोडे कमी’ केल्याने तापमान खाली येत नाही, वाढण्याचा वेग तेवढा मंदावतो.

कल्पना कोणाची?

‘कार्बन फूटप्रिंट’, म्हणजे आपल्या जगण्यामुळे हवेत पडणारी कार्बनची पाऊलखूण, हा शब्दप्रयोग आज पर्यावरणवाद्यांच्या तोंडी असतो. त्याचा जन्म विद्यापीठात झाला. १९९० च्या दशकात विल्यम रीस व मॅथिस वॅकरनागेल यांनी मांडलेल्या ‘पर्यावरणीय पाऊलखुणे’च्या संकल्पनेतून तो पुढे आला. मात्र त्याला घरोघरी पोहोचवले ते ‘बीपी’ या बड्या तेल कंपनीच्या जाहिरातींनी. २००० नंतरच्या दशकात या कंपनीने लोकांना ‘तुमची पाऊलखूण किती?’ असे विचारत संकेतस्थळावर गणकयंत्रच उपलब्ध करून दिले. तेल काढणाऱ्याने तेल वापरणाऱ्याला त्याच्या जबाबदारीची आठवण करून द्यावी, यातला चतुरपणा लपणारा नाही.

म्हणून काही अभ्यासक ही संकल्पनाच टाकाऊ मानतात. वैयक्तिक उत्सर्जन मोजत बसणे म्हणजे खऱ्या दोषींवरचे लक्ष उडवणे, असा त्यांचा आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे; पण ते अर्धेच. आपल्या घरात येणारी वीज कोळशावर तयार व्हावी की सूर्यावर, हे एकटा ग्राहक ठरवू शकत नाही, हे खरे. पण किती वीज वापरायची, मोटारीने जायचे की लोकलने, सुट्टीत कुठे उडायचे, हे तोच ठरवतो. शिवाय मोजल्याशिवाय मोठे काय आणि क्षुल्लक काय, हे कळत नाही. आपल्याकडे नेमकी तिथेच गफलत होते.

घरातल्या कागदांवरून हिशेब

हा हिशेब मांडायला संकेतस्थळ लागत नाही. वर्षभराची वीजबिले, गॅस सिलिंडरच्या पावत्या, पेट्रोलच्या खर्चाचा अंदाज आणि प्रवासाची तिकिटे एवढी सामग्री पुरते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार भारतीय ग्रिडमधील एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो, डिझेल जाळले की २.७ किलो. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो.

समजा, वर उल्लेखिलेले चौघांचे कुटुंब ठाण्यात वा पुण्यात दोन शयनगृहांच्या सदनिकेत राहते. वर्षाला ३६०० युनिट वीज, म्हणजे सुमारे अडीच टन. आठ सिलिंडर, म्हणजे सुमारे ३४० किलो. मोटारीसाठी महिन्याला चाळीस लिटर पेट्रोल, म्हणजे वर्षाला १.१ टन. दुचाकीचे महिन्याला दहा लिटर धरले तर आणखी पावणेतीनशे किलो. बेरीज होते सव्वाचार टनांच्या आसपास. यात अन्न, कपडे, औषधे, इमारतीचे सिमेंट-पोलाद काहीच धरलेले नाही. देशाच्या दोन टनांच्या सरासरीत ते सारे धरलेले असते, म्हणून हे दोन आकडे थेट शेजारी ठेवणे बरोबर होणार नाही. माणशी एक टनाहून थोडे अधिक, आणि तेही फक्त घरातील वीज, गॅस व वाहनांचे, एवढेच येथे नोंदवू.

आता याच कुटुंबाने उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोपची सहल केली असे धरू. मुंबईहून युरोपातील एखाद्या मोठ्या शहरी जाऊन परत येण्यात एका साध्या श्रेणीच्या प्रवाशामागे साधारण पाऊण ते एक टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. चौघांचे मिळून तीन ते चार टन. वर्षभर दिवे, पंखे, शीतपेटी, वातानुकूलन, स्वयंपाक आणि वाहने यांत जेवढे जाळले, जवळजवळ तेवढेच एका सहलीत जाळले गेले. उंचावर विमानाच्या धुरातील बाष्पामुळे होणारा अतिरिक्त तापमान-परिणाम तर यात मोजलेलाही नाही. वर्षभर कापडी पिशवी नेणाऱ्या आणि दात घासताना नळ बंद ठेवणाऱ्या कुटुंबाचा हिशेब असा एका तिकिटाने फिरतो.

यावर ‘मग काय फिरायचेच नाही का?’ असा प्रश्न येणार. फिरावे, पण दिल्लीला राजधानी एक्स्प्रेसने रात्रभरात पोहोचता येते, हेही आठवावे. आणि चार वर्षांतून एकदा केलेला लांबचा प्रवास व दरवर्षी केलेला, यात चौपट फरक असतो, एवढे गणित सगळ्यांना येते.

गॅस भरणारा मेकॅनिक

वातानुकूलन यंत्राकडे थोडे बारकाईने पाहायला हवे, कारण शहरी घरातील सर्वांत मोठी वाढ तेथेच होत आहे. दीड टनी सर्वसाधारण यंत्र तासाला सरासरी एक युनिट घेते असे धरले, तर रात्रीचे आठ युनिट. वर्षातून १२० रात्री ते चालले, की ९६० युनिट, म्हणजे सुमारे ६७० किलो कार्बन डायऑक्साइड. ‘ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सी’च्या सांगण्यानुसार तापमानाचा आकडा एक अंशाने वाढवला, की सुमारे सहा टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून नवी यंत्रे सुरू होताना मुळात २४ अंशांवर असावीत, असा नियम झाला तो यासाठीच. पण दूरनियंत्रक आपल्या हातात असतो आणि १८ अंशांवर खोली ठेवून अंगावर रजई घेणारी घरे कमी नाहीत.

मात्र वीजबिलात न दिसणारी एक गोष्ट याहून गंभीर आहे. यंत्रातला थंडावा देणारा वायू स्वतःच अतिशय तीव्र हरितगृह वायू असतो. सध्या प्रचलित असलेला आर-३२ हा वायू एक किलो बाहेर पडला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. थोड्या जुन्या यंत्रांतील आर-४१०ए साठी हाच आकडा दोन हजार किलोंच्या पुढे जातो. त्याहून जुन्या आर-२२ साठी अठराशेच्या घरात. घरगुती यंत्रात हा वायू साधारण पाऊण ते एक किलो असतो. म्हणजे जुन्या यंत्रातला सगळा वायू गळून गेला, तर संपूर्ण उन्हाळाभर ते चालवण्याने जेवढे नुकसान होते, त्याच्या दुप्पट-तिप्पट नुकसान काही आठवड्यांत गुपचूप होते.

‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल’ हे वाक्य दर एप्रिलमध्ये हजारो घरांत ऐकू येते. वातानुकूलन यंत्रातला वायू पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो कमी झाला, म्हणजे कोठे तरी गळती आहे. ती न शोधता दरवर्षी वायू भरून घेणे हा मेकॅनिकचा वेळ वाचवणारा आणि हवेला महागात पडणारा मार्ग आहे. ग्राहकाने गळती शोधून बुजवण्याचा आग्रह धरायला हवा, आणि जुने यंत्र भंगारात देताना वायू हवेत न सोडता काढून घेतला जातो की नाही, हे विचारायला हवे. अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा करार २०१६ मध्ये किगाली येथे झाला आणि भारतही त्यात सहभागी आहे. पण किगालीचा करार आपल्या गॅलरीत चढून नळीचा सांधा तपासणार नाही.

लहानसहान पुण्य

याच्या तुलनेत आपण ज्या गोष्टींनी समाधान मानतो, त्यांचे मोल किती? दरवर्षी मार्चमध्ये ‘अर्थ अवर’ला तासभर दिवे मालवले जातात. नऊ वॅटचे दहा एलईडी दिवे तासभर बंद ठेवल्याने ०.०९ युनिट वाचते. वातानुकूलन यंत्राची ती पाच-सहा मिनिटे. मोबाइल रोज पूर्ण चार्ज केला, तरी वर्षभरात सात-आठ युनिट लागतात. म्हणजे वातानुकूलनाची एक रात्र. चार्जर काढून ठेवावा, त्यात वाईट काही नाही, पण त्याला पर्यावरणरक्षण म्हणू नये.

वृक्षारोपणाचेही तसेच. महाराष्ट्रात २०१६ पासून दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीचे संकल्प सोडले गेले. झाडे हवीतच, सावलीसाठी, पाण्यासाठी, पक्ष्यांसाठी. परंतु चांगले वाढलेले झाड वर्षाला साधारण वीस किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड शोषते. आपल्या उदाहरणातील कुटुंबाला केवळ घरखर्चाचे सव्वाचार टन फेडायला दोनशेहून अधिक जोमदार झाडे सांभाळावी लागतील, आणि ती वाढायला पंधरा-वीस वर्षे द्यावी लागतील. वाढदिवसाला लावलेल्या एका रोपट्याचे प्रायश्चित्त एवढ्या पापाला पुरणारे नाही.

उलट ज्यांची चर्चाच होत नाही, असे काही उपाय चांगले कामाचे आहेत. छताचा जुना पंखा ७५ वॅट घेतो. बीएलडीसी प्रकारचा पंखा तीस-पस्तीस वॅटमध्ये तेवढेच वारे देतो. दिवसाला बारा तास चालणारे दोन पंखे बदलले, तर वर्षाला साडेतीनशेच्या आसपास युनिट, म्हणजे पाव टन कर्बवायू वाचतो. पंखा चालू ठेवून यंत्राचे तापमान २६-२७ अंशांवर नेले, तर आणखी. धुलाई यंत्र आणि गीझर रात्रीऐवजी दुपारी चालवले, तर ती वीज सूर्याची असण्याची शक्यता वाढते. महावितरणने जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर सवलत लागू केली, तिच्या मागचे कारण हेच.

काही बाबतींत मात्र घाईने निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही. गॅस शेगडी टाकून विजेची इंडक्शन शेगडी घेणे पर्यावरणस्नेही मानले जाते. भारतीय ग्रिड आज ज्या प्रमाणात कोळशावर चालते, ते पाहता एका सिलिंडरइतका स्वयंपाक इंडक्शनवर करण्यास सुमारे १२० युनिट लागतात आणि त्यामागे ८० किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. सिलिंडरचे ४२ किलो त्याच्या निम्मे आहेत. छतावर सौर पॅनेल असेल आणि स्वयंपाक दिवसा होत असेल, तर गणित उलटते. विद्युत दुचाकी व मोटारींचे मात्र तसे नाही. विद्युत मोटार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला शंभर-सव्वाशे ग्रॅम. शहरातील पेट्रोल मोटारीचा आकडा दीडशे ते दोनशे ग्रॅमपर्यंत जातो. बॅटरी बनवण्याचा खर्च धरूनही मोटार काही वर्षे वापरली, तर फायदा होतो. पण एकट्या माणसाने वापरलेली विद्युत मोटारही लोकलच्या जवळपास फिरकू शकत नाही. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची उपनगरी गाडी धावली. गर्दीच्या वेळी चार हजारांहून अधिक माणसांना घेऊन जाणारी बारा डब्यांची गाडी हा या शहराचा शंभर वर्षे जुना हवामान कृती आराखडाच आहे, फक्त त्याला कोणी तसे नाव दिले नाही.

आणि म्हणूनच बेस्टचे जे चालले आहे, ते अधिक खटकते. एकेकाळी चार हजारांहून अधिक बसगाड्या रस्त्यावर असलेल्या या उपक्रमाचा ताफा घटत गेला, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. ज्या थांब्यावर वीस मिनिटे बस येत नाही, त्या थांब्यावरच्या माणसाला ‘तुझी पाऊलखूण कमी कर’ असे सांगणे हा उद्धटपणा आहे. तो रिक्षा करणार, किंवा कर्जाने दुचाकी घेणार.

ओल्या कचऱ्याचा मुद्दा थोडक्यात. कचराभूमीवर दडपलेले अन्न हवेविना कुजते आणि मिथेन सोडते. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट तीव्र आहे. १९२७ पासून कचरा झेलणाऱ्या देवनारला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला होता. मुंबई महापालिकेच्या २०२२ च्या हवामान कृती आराखड्यानुसार २०१९ मध्ये शहराचे एकूण उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते. त्यातील ७२ टक्के ऊर्जेचे, २० टक्के वाहतुकीचे आणि ८ टक्के कचऱ्याचे. घरातला ओला कचरा गच्चीवर वा आवारात जिरवणे हे त्या आठ टक्क्यांवरचे काम आहे. लहान, पण पूर्णपणे आपल्या हातातले.

धूर जातो कोठे?

बहात्तर टक्के ऊर्जेचे, हा आकडा पुन्हा कोळशापाशी आणतो. मुंबईकराला वीज मिळते, धूर फारसा दिसत नाही. कारण राज्याच्या ग्रिडला वीज पुरवणारी मोठी औष्णिक केंद्रे दूर, विदर्भात आहेत. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचे. कोणत्या घरातला दिवा कोणत्या केंद्राच्या विजेवर लागला, हे ग्रिडमध्ये सांगता येत नाही. परंतु राखेचे तलाव कोणाच्या शेताशेजारी आहेत, ते सांगता येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर तिच्यात होते. आणि हेच चंद्रपूर उन्हाळ्यात देशातील सर्वांत तप्त शहरांच्या बातम्यांतही असते. एका शहराच्या थंड रात्रींचा ताप दुसऱ्या शहराने दोनदा सोसायचा, हा व्यवहार आपण इतका गृहीत धरला आहे, की त्याबद्दल बोलणे अगोचरपणाचे वाटते.

कोळशाऐवजी येणारी वीजही निष्पाप असते, असे नाही. भिरा येथील जलविद्युत केंद्राचे पाणी मुळशी धरणाचे, आणि त्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांनी मावळ्यांसह जो सत्याग्रह केला, तो मुंबईच्या विजेसाठी जमिनी बुडण्याच्या विरोधातच होता. विजेची किंमत नेहमी बिल भरणाराच चुकवतो असे नाही, हे महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वीच कळले होते.

त्या मानाने शहराच्या स्वतःच्या छतावर तयार होणारी वीज कुणालाही विस्थापित करीत नाही. एक किलोवॉट सौर पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देते. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत वैयक्तिक घराला तीन किलोवॉट व त्यापुढे कमाल ७८ हजार रुपयांचे, तर गृहनिर्माण संस्थांना सामायिक सुविधांसाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपयांचे अनुदान ठेवण्यात आले. उद्वाहन, पाण्याचे पंप, जिन्यातील आणि आवारातील दिवे यांचे सामायिक वीजबिल मोठ्या सोसायटीत महिन्याला लाखाच्या घरात जाते. असे असूनही वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला, की ठरावीक हरकती येतात. वरच्या मजल्यावरील सदस्याला गळतीची भीती वाटते, कोणाला गच्चीवरचा वाळवणाचा हक्क जाईल असे वाटते, आणि पुनर्विकासाची बोलणी चालू असतील, तर ‘पाच वर्षांत इमारतच पडणार, खर्च कशाला?’ हा युक्तिवाद सगळ्यांवर मात करतो.

यातील शेवटची हरकत खरी असते, पण पॅनेल उतरवून दुसरीकडे बसवता येतात, हे सभेत कोणी सांगत नाही. गळतीची तक्रारही खरी असते. म्हणून जलरोधक काम आधी आणि सांगाडा नंतर, असा क्रम निविदेतच लिहून घ्यावा लागतो. बहुतेक संस्थांच्या सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. वर्षभराच्या सामायिक वीजबिलांची बेरीज, गच्चीचे मोकळे क्षेत्रफळ आणि दोन-तीन पुरवठादारांचे दर एवढे तीन कागद विषयपत्रिकेला जोडले, तर चर्चा निदान भीतीवरून आकड्यांवर येते.